व्यायाम, उतारवयातील

वयाच्या साधारणतः साठाव्या वर्षानंतर शरीराची कार्यक्षमता व स्वावलंबन टिकविण्याच्या उद्देशाने नियमितपणे केलेल्या शारीरिक हालचालींना उतारवयातील व्यायाम म्हणता येईल. त्याचे मुख्य प्रकार दोन. भरभर चालणे, पोहणे, सायकल चालविणे यांसारख्या हालचालींत मोठे स्नायुसमूह लयबद्ध रीतीने बराच वेळ काम करतात व त्यामुळे हृदय, फुप्फुसे आणि रक्ताभिसरण यांची क्षमता वाढते. यांना दमसासाचे किंवा एरोबिक व्यायाम म्हणतात. वजन उचलणे, रबरी पट्टा ताणणे, जोर-बैठका काढणे यांत स्नायूंना थोडाच वेळ, परंतु मोठ्या रोधाविरुद्ध काम करावे लागते व त्यांचे बल वाढते. हे बलवर्धक व्यायाम होत. तोल सांभाळण्याचे व सांधे लवचिक राखणारे व्यायाम या दोहोंना पूरक ठरतात. पहिल्या प्रकाराचे महत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. दुसऱ्या प्रकाराकडे मात्र सुशिक्षित समाजातही दुर्लक्ष होते. वास्तविक वृद्धाचे परावलंबन बहुधा धाप लागण्यातून सुरू होत नाही, तर खुर्चीतून उठताना हाताचा आधार शोधावा लागण्यातून सुरू होते.

वयोमानानुसार होणारे बदल : शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकते, त्यावरून दमसास मोजतात. बैठे जीवन जगणाऱ्या व्यक्तीत ही महत्तम ऑक्सिजन-ग्रहणक्षमता तिशीनंतर दर दशकाला सु. १० टक्क्यांनी घटते व सत्तरीनंतर घट अधिक वेगाने होते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल गती कमी होणे, रक्तवाहिन्यांचा ताठरपणा आणि स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता मंदावणे ही त्याची प्रमुख कारणे होत. ठोक्यांची कमाल गती काढण्यासाठी २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र प्रचलित आहे. तथापि ते वृद्धांच्या बाबतीत कमी आकडा देते. २००१ मध्ये सुचविलेल्या सूत्रानुसार २०८ मधून वयाची ०·७ पट वजा करावयाची असते. सत्तर वर्षांच्या व्यक्तीसाठी पहिल्या सूत्राने १५० व दुसऱ्याने १५९ हे उत्तर येते.

स्नायूंची घट याहून अधिक फसवी असते, कारण वजनकाट्यावर ती दिसत नाही. तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचे वस्तुमान सु. ३ ते ८ टक्क्यांनी कमी होते व साठीनंतर हा वेग वाढतो. गेलेल्या स्नायूची जागा बहुधा चरबी घेते आणि वजन तेवढेच राहते. बल हे वस्तुमानापेक्षा जलद घटते आणि ते बल क्षणार्धात वापरण्याची शक्ती त्याहूनही जलद घटते. याचे कारण स्नायूंच्या रचनेत आहे. प्रत्येक स्नायूत सावकाश पण दीर्घकाळ आकुंचन पावणारे आणि जलद व जोरकस आकुंचन पावणारे असे दोन प्रकारचे तंतू असतात [⟶ स्नायु]. वयाबरोबर मेरुरज्जूतील प्रेरक तंत्रिका कोशिका मरू लागतात. त्यांच्या नियंत्रणाखालील तंतू पोरके होतात. त्यांतील काहींना शेजारची तंत्रिका आपल्याकडे ओढून घेते, बाकीचे नाश पावतात. ही हानी मुख्यतः जलद तंतूंना सोसावी लागते. ठेच लागली असता तरुण माणूस दुसरे पाऊल क्षणात पुढे टाकून सावरतो. वृद्धालाही पडणार हे कळते, परंतु पाऊल वेळेवर पुढे येत नाही.

या क्षयाला अमेरिकन पोषणतज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८८ मध्ये सार्कोपेनिया हे नाव सुचविले. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस व ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य. २०१६ मध्ये अमेरिकेतील रोगवर्गीकरणात त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला. आशियाई तज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरविलेल्या निकषांनुसार हाताच्या पकडीचे बल पुरुषांत २८ किग्रॅ. व स्त्रियांत १८ किग्रॅ. पेक्षा कमी असणे, किंवा हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद वा अधिक वेळ लागणे, ही या विकाराची शंका घेण्यास पुरेशी लक्षणे मानली जातात. दुसरी परीक्षा कोणासही घरी, भिंतीला टेकविलेल्या खुर्चीवर करून पाहता येते.

बलाच्या घटीचा परिणाम एकदम का जाणवतो, हे समजून घेणे उपयुक्त आहे. खुर्चीतून उठणे, जिना चढणे, न्हाणीघरातील पायरी ओलांडणे या प्रत्येक कृतीसाठी शरीराच्या वजनाच्या मानाने किमान काही बल लागते. तरुणपणी त्याच्या कितीतरी पट बल गाठीशी असल्याने घट चालू असूनही व्यवहारात काही बिघडत नाही. वृद्धापकाळी हा साठा किमान मर्यादेच्या जवळ येऊन ठेपतो. मग आठवडाभराचा ताप किंवा शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती एवढ्यानेही मर्यादा ओलांडली जाते. ‘आजारापूर्वी सर्व काही ठीक होते’ असे नातेवाईक सांगतात. ते खरेही असते. मात्र साठा पूर्वीच संपत आलेला असतो.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पुणे येथील चित्तरंजन याज्ञिक आणि लंडन येथील जॉन युडकिन या दोन वैद्यांनी २००४ मध्ये लॅन्सेट  या नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२·३ होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के होते. दिसण्यात सडपातळ असलेल्या भारतीय व्यक्तीत स्नायूंचा वाटा जन्मापासूनच कमी असू शकतो. रक्तातील साखर शोषून घेणारे सर्वांत मोठे ऊतक म्हणजे स्नायू. त्यामुळे मधुमेहाच्या दृष्टीनेही आपल्याकडील वृद्धांना स्नायू गमावणे परवडणारे नाही.

चालण्याचे माहात्म्य व बलाची उपेक्षा : विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत हृदयविकार हे मृत्यूचे प्रमुख कारण बनले आणि व्यायामविषयक संशोधन त्याच दिशेने वळले. जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांपेक्षा बसून काम करणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले. अमेरिकन हवाई दलातील वैद्य केनेथ कूपर यांच्या एरोबिक्स  (१९६८) या पुस्तकाने दमसासाच्या व्यायामांना लोकप्रियता मिळवून दिली. वैद्यांनीही ‘रोज फिरत जा’ हा सल्ला उचलला. सल्ला योग्यच होता व आहे. चालण्याने रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांना आळा बसतो याबद्दल शंका नाही. परंतु सपाट रस्त्यावरील चालण्याने मांडीच्या स्नायूंवर पडणारा भार त्यांच्या क्षमतेच्या मानाने थोडा असतो आणि हात, खांदे व पाठ यांना तर काहीच काम मिळत नाही. वर्षानुवर्षे सकाळी नेमाने फिरणारी व्यक्ती जमिनीवरून आधाराशिवाय उठू शकत नाही, असे आढळते ते यामुळेच.

महाराष्ट्रात परंपरा होती ती बलाची. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब व कुस्ती यांवर तालमी उभ्या राहिल्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या (स्थापना १९१४) संस्थांनी त्यांना शिक्षणाचे रूप दिले. पण तालीम ही तरुण पुरुषांची मानली गेली. संसारी माणसाने आखाडा सोडावयाचा व पुढे प्रकृतीसाठी सकाळचा फेरफटका मारावयाचा, अशीच रीत पडली. स्त्रियांना तर तालमीत स्थानच नव्हते. तथापि जात्यावरचे दळण, उखळातील कांडण, विहिरीचे पाणी शेंदणे यांत त्यांच्या खांद्यांना व पाठीला पुरेपूर रोध मिळत असे. पंगतीला व पूजेला जमिनीवर बसणे आणि उकिडवे बसण्याचे शौचकूप यांमुळे स्त्रीपुरुष दोघांनाही रोज कितीतरी बैठका आपोआप घडत. नळ, मिक्सर, जेवणाचे टेबल आणि कमोड यांनी हे कष्ट संपविले. ते संपले हे चांगलेच झाले, कारण दळणकांडण हा काही स्त्रियांनी निवडलेला व्यायाम नव्हता. मात्र त्यातून नकळत मिळणारे बल आता जाणीवपूर्वक मिळवावे लागते.

बलसंवर्धनाचा पुरावा : वार्धक्यात स्नायू वाढू शकत नाहीत, अशी समजूत दीर्घकाळ होती. मारिया फियाटारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने तिला धक्का दिला. बॉस्टन येथील शुश्रूषागृहातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा व्यक्तींना त्यांनी आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिला. भार किरकोळ नव्हता. एकदाच उचलता येईल अशा महत्तम वजनाच्या ८० टक्के इतका तो वाढविण्यात आला. व्यायाम पूर्ण करणाऱ्यांचे बल सरासरी १७४ टक्क्यांनी व मांडीच्या मध्यभागातील स्नायूंचे क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी वाढले. दोघांना चालताना काठीची गरज उरली नाही. बलाची वाढ आकाराच्या वाढीपेक्षा इतकी जास्त असण्याचे कारण असे, की प्रारंभी सुधारतो तो मुख्यतः तंत्रिका तंत्राचा स्नायूवरील ताबा. व्यायाम थांबविल्यावर चार आठवड्यांतच कमाल बल ३२ टक्क्यांनी घटले, हा त्याच प्रयोगातील निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही. पण तो तितकाच महत्त्वाचा आहे.

याच गटाने १९९४ मध्ये सरासरी ८७ वर्षे वयाच्या शंभर दुर्बल व्यक्तींवर अधिक व्यापक प्रयोग केला. दहा आठवड्यांच्या व्यायामाने बल दुपटीहून अधिक झाले, चालण्याचा वेग सु. १२ टक्क्यांनी व जिना चढण्याची शक्ती सु. २८ टक्क्यांनी वाढली. नुसते पोषक पेय दिलेल्या व्यक्तींचे दौर्बल्य मात्र कमी झाले नाही. घरातील वृद्ध अशक्त दिसू लागताच टॉनिकची बाटली आणणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दोहोंचा मेळ : दोन्ही व्यायाम एकत्र केल्यास ते परस्परांना मारक ठरतात काय, हा प्रश्न रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या प्रयोगापासून चर्चेत आहे. आठवड्यातून पाच दिवस बलाचा व सहा दिवस दमसासाचा कठोर व्यायाम दहा आठवडे करणाऱ्या गटाचे बल अखेरच्या काळात वाढेनासे होऊन उलट घसरू लागले. दमसासावर मात्र विपरीत परिणाम झाला नाही. यावरून ‘धावणे स्नायूंना खाते’ अशी समजूत व्यायामशाळांतून पसरली. परंतु इतका व्यायाम कोणी वृद्ध करीत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा केलेल्या माफक व्यायामात असा विरोध उतारवयात व्यवहारतः नगण्य असतो.

उलट एकत्रित व्यायामाचा लाभ डेनिस व्हिलारिअल व त्यांचे सहकारी यांच्या २०१७ मधील अभ्यासात स्पष्ट झाला. ६५ वर्षांवरील १६० स्थूल व्यक्तींना त्यांनी सहा महिने अभ्यासात ठेवले. वजन कमी करण्याच्या आहाराबरोबर एका गटाला दमसासाचा, दुसऱ्याला बलाचा व तिसऱ्याला दोन्ही व्यायाम देण्यात आले. चौथा गट तुलनेसाठी होता. दैनंदिन हालचालींच्या परीक्षेतील गुण पहिल्या दोन गटांत प्रत्येकी १४ टक्क्यांनी, तर संयुक्त गटात २१ टक्क्यांनी वाढले. दमसासाची वाढ केवळ एरोबिक गटात १८ व संयुक्त गटात १७ टक्के होती, म्हणजे जवळजवळ सारखीच. बलाची वाढ बलवर्धक गटात १९ व संयुक्त गटात १८ टक्के झाली. नुसत्या एरोबिक गटात ती अवघी ४ टक्के होती. याच गटात नितंबास्थीची घनता ३ टक्क्यांनी उतरली, बलवर्धक गटात ०·५ टक्क्याने. केवळ चालून व कमी खाऊन वजन उतरविणारा वृद्ध चरबीबरोबर हाड व स्नायूही गमावतो, असा याचा अर्थ होतो. प्रस्तुत विषयावर यापेक्षा बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

पडण्यापासून संरक्षणाच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. कॉक्रेन संघटनेच्या २०१९ मधील पुनर्विलोकनात १०८ चाचण्या तपासण्यात आल्या. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सु. २३ टक्क्यांनी व तोल आणि बल यांच्या संयुक्त व्यायामाने सु. ३४ टक्क्यांनी घटते, असे दिसले. नुसते चालणे किंवा नुसते बलवर्धन यांबाबत ठाम निष्कर्ष काढता आला नाही. वृद्धाचा खुब्याचा अस्थिभंग हा पुष्कळदा अंथरुणाचा व पुढे मृत्यूचा रस्ता ठरतो. तेव्हा तोलाच्या व्यायामांना शोभेची जोड मानणे चुकीचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा दमसासाचा व्यायाम (किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र), किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायुसमूहांचा बलवर्धक व्यायाम आणि तीन वा अधिक दिवस तोल व बल यांवर भर देणारे संमिश्र व्यायाम करावेत. हालचालींची मध्यम तीव्रता ओळखण्याची सोपी खूण अशी, की चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही.

बलवर्धनासाठी व्यायामशाळेत जावेच असे नाही. छातीवर हात बांधून खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून तिरपे जोर काढणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, पायरीवर चढणे-उतरणे, खिडकीच्या गजाला अडकविलेला रबरी पट्टा छातीकडे ओढणे आणि दोन्ही हातांत समान वजनाच्या पिशव्या घेऊन चालणे, एवढ्याने बहुतेक सर्व स्नायुसमूहांना काम मिळते. प्रत्येक हालचाल आठ ते बारा वेळा, अशा दोन-तीन फेऱ्या कराव्यात. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना कष्ट पडले पाहिजेत. बारा आवर्तने सहज होऊ लागली, की भार वाढवावा. वृद्धांसाठी दिल्या जाणाऱ्या व्यायामात हीच गोष्ट बहुधा हरवलेली असते. वर्षभर तीच अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली उचलत राहण्याने पहिल्या महिन्यानंतर बल वाढत नाही. त्याच स्नायूंना पुन्हा भार देण्यापूर्वी एक दिवस मोकळा सोडावा. दोन्ही व्यायाम एकाच दिवशी करावयाचे असल्यास थोडे चालून अंग गरम करावे, मग बलाचे व शेवटी दमसासाचे व्यायाम करावेत. वेळ किंवा उत्साह मर्यादित असेल, तर पायांच्या व्यायामांना अग्रक्रम द्यावा. दंडाच्या बेटकुळ्या वृद्धाला चालवीत नाहीत.

औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी प्रसार केलेला सूर्यनमस्कार दोन्ही गरजा भागवितो काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. जलद गतीने घातलेल्या नमस्कारांनी नाडीची गती वाढते, तसेच खांदे व छाती यांवर शरीराचा भार येतो व पाठीचा कणा लवचिक राहतो. तथापि त्यात ओढण्याची क्रिया नाही, भार क्रमाक्रमाने वाढविण्याची सोय नाही आणि मांडीच्या स्नायूंना बैठकांइतके काम मिळत नाही. तेव्हा नमस्कार चालू ठेवून त्यांना खुर्चीवरील उठबस जोडणे इष्ट. पवित्र्यावरच्या पूर्ण बैठका गुडघ्यांच्या संधिवातात टाळाव्यात. परंतु खुर्चीच्या उंचीपर्यंतच्या बैठका टाळू नयेत, कारण मांडीचे स्नायू बळकट झाल्याने गुडघेदुखी सहसा कमी होते.

स्नायूंच्या वाढीस प्रथिने लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दररोज शरीराच्या प्रत्येक किग्रॅ. वजनामागे ०·८३ ग्रॅम प्रथिने सुचविली. वार्धक्यासाठी १ ते १·२ ग्रॅम असावीत, असे अनेक तज्ञांचे मत आहे. संध्याकाळी दूध-पोहे किंवा भात-आमटीचे चार घास यांवर भागविणाऱ्या वृद्धांना हे प्रमाण गाठणे कठीण जाते. डाळी, उसळी, दूध, दही, अंडी वा मासे यांचा समावेश प्रत्येक जेवणात असणे बरे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण वैद्याने ठरवावे.

दक्षता : अस्थिर स्वरूपाचे हृदयशूल, महारोहिणीच्या झडपेचे तीव्र आकुंचन, १८०/११० मिमी. हून अधिक राहणारा रक्तदाब, नुकताच झालेला अस्थिभंग वा ताप असताना व्यायाम करू नये. वजन उचलताना श्वास कोंडल्यास रक्तदाब क्षणिक पण फार वाढतो; म्हणून उचलताना श्वास सोडावा व खाली ठेवताना घ्यावा. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या निर्माण झालेल्या व्यक्तींनी जड वजने टाळावीत. इन्शुलीन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब फिरावयास जाऊ नये. बीटा-रोधक औषधांमुळे ठोक्यांची गती दबलेली राहत असल्याने अशा व्यक्तींनी नाडीवर विसंबून न राहता श्रमाच्या जाणिवेवरून तीव्रता ठरवावी. अस्थिविरलता असल्यास कमरेतून खाली वाकून पीळ देणारे व्यायाम मणक्यांना धोक्याचे ठरतात. छातीत दाब वाटणे, भोवळ येणे किंवा डाव्या हाताकडे वेदना सरकणे ही तत्काळ थांबण्याची लक्षणे होत.

खंड व पुनरारंभ : व्यायामात खंड पडणे उतारवयात अटळ असते. त्याची किंमत किती, हे दोन प्रयोगांवरून कळते. अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये विशीतील पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहावयास लावले होते. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी केली असता तीस वर्षांच्या वयोवृद्धीने त्यांची कार्यक्षमता जेवढी घटली होती, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांनी ती अधिक घटविली होती, असे आढळले. नंतर सहा महिन्यांच्या क्रमिक व्यायामाने त्यांची वयामुळे गेलेली दमसासाची क्षमता परत आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात सु. ६७ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींनी केवळ दहा दिवसांच्या शय्याविश्रांतीत पायांतील सु. एक किग्रॅ. मेदविरहित वस्तुमान गमावले. म्हणून वैद्याची परवानगी मिळताच रुग्णाला खाटेच्या कडेवर बसविणे, उभे करणे व दिवसातून अनेकदा खुर्चीवर उठबस करविणे हे आता शुश्रूषेचेच अंग मानले जाते. घरी परतल्यावर पूर्वीच्या भाराच्या निम्म्यापासून सुरुवात करून तो दर आठवड्यास थोडा थोडा वाढवावा. खंडापूर्वी ज्यांनी व्यायाम केलेला असतो, त्यांचे बल नवशिक्यापेक्षा लवकर परत येते.